हे खरे आहे काय?

ब्रिटिश संसदेत सरकारला विचारला गेलेला आणि दप्तरी नोंदला गेलेला पहिला प्रश्न एका पळून गेलेल्या कॅशियरविषयी होता. उभा जन्म बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही माहिती प्रथम वाचताना हसू आवरले नाही. साल १७२१. लंडनमध्ये साउथ सी कंपनीचा फुगा नुकताच फुटला होता. शेअर आकाशाला भिडले आणि एका हंगामात जमिनीवर आदळले. घरेदारे विकून पैसा लावलेली माणसे रस्त्यावर आली. चौकशी सुरू होताच कंपनीचा मुख्य कॅशियर रॉबर्ट नाइट समुद्रापार निसटला. कोणत्या मंत्र्याला आणि कोणत्या दरबाऱ्याला किती शेअर फुकटात पोचले, याची नोंद असलेली हिरवी वही त्याच्याबरोबरच गेली असे म्हणतात. ९ फेब्रुवारीला उमरावांच्या सभागृहात अर्ल काउपर उठले. नाइटला ब्रसेल्सकडे पकडल्याची बातमी आहे, ती खरी आहे काय, असे त्यांनी मंत्री सन्डरलंड यांना विचारले. मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागले.

नाइट पुढे अँटवर्पच्या किल्ल्यातून पुन्हा पळाला, ती गोष्ट वेगळी. पण काउपरसाहेबांचे ते तीन शब्द मात्र कुठे गेले नाहीत. तीनशे वर्षांनंतर मुंबईत नरिमन पॉइंटच्या विधान भवनात तारांकित प्रश्नांची जी यादी वाटली जाते, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचा पहिला भाग याच शब्दांनी संपतो. अमुक तालुक्यातील तमुक धरणाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी ते ठेवणीतले वाक्य, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरांचा छापही ठरलेला. 'हे खरे आहे', 'हे खरे नाही' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'. पण माझे सर्वांत आवडते उत्तर चौथे, 'हे अंशतः खरे आहे'. मराठी भाषेत सत्याचे इतके सोयीस्कर माप दुसरे नाही. दूधवाल्याने दुधात पाणी घातले काय, असे विचारले आणि तो 'अंशतः' म्हणाला, तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. शासनाच्या तोंडी मात्र तो शब्द शोभून दिसतो. तरीही हा शब्द वाचला की मी सरसावून बसतो. कारण 'खरे नाही' म्हणणे सोपे असताना ज्या अर्थी 'अंशतः' म्हटले, त्या अर्थी आत काहीतरी सापडले आहे, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. ते कसे शिकलो, हे पुढे सांगतो.

आपल्या देशात हा हक्क कोणी ताटात वाढून दिलेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची परवानगी प्रथम मिळाली. पहिला प्रश्न १८९३ साली अवधमधल्या भिनग्याच्या राजांनी विचारला. विषय काय, तर सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणारा जाच. साहेब येणार म्हणून गावातल्या कोंबड्या, दूध, तूप, सरपण गोळा व्हायचे आणि पैशाचे नाव निघायचे नाही. विचारणारा राजा, पण प्रश्न वाण्याचा! लोकशाही नावाचा शब्दही ज्या सभागृहाला ठाऊक नव्हता, तिथला पहिला प्रश्न इतका रोकडा निघावा, याचे मला कौतुक वाटते.

पण त्या कायद्यात एक मेख होती. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९०९ साली मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली आणि १९१९ नंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. वाचकाला हा फरक किरकोळ वाटेल. माझ्या मते सगळा जीव इथेच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कार्यालय लिहिते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतः द्यावे लागते. घरात मुलाला 'अभ्यास झाला का' असे विचारले तर 'झाला' हे उत्तर तयारच असते. 'मग वही दाखव' हा उपप्रश्न. खरे काय ते तिथे कळते.

लोकसभेची रीत बहुतेकांनी दूरदर्शनवर पाहिली असेल. प्रश्नोत्तराच्या तासाचे थेट प्रक्षेपण १९९४ च्या डिसेंबरात सुरू झाले, तेव्हा आमच्या कॉलनीतले निवृत्त लोक अकरा वाजता क्रिकेट असल्यासारखे टीव्हीसमोर बसत. दिवसाला वीस तारांकित प्रश्न. त्यांची तोंडी उत्तरे द्यायची आणि त्यांवरच उपप्रश्न घ्यायचे. अतारांकित दोनशे तीस, त्यांची उत्तरे फक्त लेखी. कोणाचा प्रश्न कितव्या क्रमांकावर, हे सोडतीने ठरते. तासाभरात वीसपैकी पाच-सहा प्रश्न झाले तरी गंगेत घोडे न्हाले म्हणायचे. उरलेल्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर जातात.

प्रश्न कसा असावा याचेही नियम आहेत. तो दीडशे शब्दांपेक्षा लांब नको. त्यात युक्तिवाद नको, निष्कर्ष नको, आरोप नको, विशेषणे नकोत आणि उपरोध नको. उपरोधाला बंदी! कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने हे वाचले की हात चोळत बसावे. पण विचार केला तर हा नियम करणारे माणूस ओळखून होते. विशेषण लावले की समोरचा त्या विशेषणावर भांडतो आणि मूळ आकडा बाजूला राहतो. कोरडा प्रश्न जास्त बोचतो. आमच्या बँकेचे तपासनीस असेच असत. चढा स्वर नाही, टोमणा नाही. नुसते विचारायचे, 'या व्हाउचरवर दुसरी सही दिसत नाही?' आणि आम्हाला घाम फुटायचा.

अशा कोरड्या प्रश्नाने काय घडू शकते याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. आज साठीच्या आतल्या मंडळींना नावही आठवत नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ च्या जानेवारीत, आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. देशातल्या शाळामास्तरांचे, कारकुनांचे, रेल्वेच्या गार्डांचे महिन्याकाठचे हप्ते एका तिजोरीत जमा होऊ लागले. एक वर्षही झाले नव्हते, तोच १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंदडांची आर्थिक स्थिती तेव्हा डबघाईची होती आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेले नव्हते.

सप्टेंबरात लोकसभेत डॉ. राम सुभग सिंग यांनी या गुंतवणुकीबद्दल प्रश्न विचारला. उत्तर असे बेतलेले होते की ताकास तूर लागू नये. नोव्हेंबरच्या शेवटी विषय पुन्हा प्रश्नोत्तराच्या तासाला आला आणि उपप्रश्नांचा मारा सुरू झाला. व्यवहार कोणी ठरवला? भाव कोणता धरला? मंत्र्यांना माहीत होते काय? डिसेंबरात फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात तारखा आणि भाव यांची इतकी तयारी होती की सरकारला चौकशी टाळता येईना. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छगला यांचा एकसदस्य आयोग जानेवारीत नेमला गेला. मुंबईत उघड सुनावणी झाली. गर्दी इतकी, की आत मावली नाही त्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याच्या आत अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे राम सुभग सिंग आणि फिरोज गांधी हे दोघेही काँग्रेसचे खासदार, म्हणजे सरकार पक्षाचे. फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. आपल्याच सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही आणि त्यांना कोणी पक्षद्रोहीही ठरवले नाही. दुसरी गोष्ट छगलांच्या अहवालातली. सरकारने संसदेला लवकरात लवकर विश्वासात घ्यावे आणि सगळी माहिती तिच्यापुढे ठेवावी, असे त्यांनी बजावले होते. अर्धवट उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी ते देणाऱ्याच्या अंगाशी येते, हे त्या वर्षी दिल्लीच्या सचिवालयाला कळले. सव्वा कोटीचा व्यवहार मुकाट पचला असता. तो पचला नाही, कारण पहिल्या उत्तराने समाधान न झालेल्या माणसाने दुसऱ्यांदा विचारले.

आता म्हशींची गोष्ट.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मराठवाड्यातल्या एका खेड्यात शाखाधिकारी म्हणून माझी बदली झाली. एकात्मिक ग्रामीण विकास योजना तेव्हा जोरात होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बँकेने कर्ज द्यायचे, सरकारने अनुदान द्यायचे आणि त्यातून म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असे काहीतरी घ्यायचे. आमच्या शाखेत म्हशींची साठ-पासष्ट खाती होती. वाटप माझ्या आधीचे. मी जाऊन चार महिने झाले असतील, तोच एका दुपारी जिल्ह्याहून फोन आला. विधानसभेचा तारांकित प्रश्न आहे, परवा संध्याकाळपर्यंत माहिती हवी. मागून एक माणूस कागदच घेऊन आला. वर लाल शाईत 'विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे'. प्रश्न विचारणारे आमदार विरोधी पक्षाचे, तेही दुसऱ्याच भागातले. आमच्या तालुक्याचे नाव त्यांना कोणी दिले, देव जाणे. प्रश्नात विचारले होते की सदर योजनेत वाटप केलेल्या दुभत्या जनावरांपैकी किती जनावरे आज प्रत्यक्ष लाभार्थ्यांकडे आहेत?

'प्रत्यक्ष' या एका शब्दाने आमची दोन दिवसांची झोप उडवली. कागदावरच्या म्हशी मोजायला पाच मिनिटे पुरली असती. मी, आमचा फील्ड ऑफिसर आणि पंचायत समितीचे विस्तार अधिकारी असे तिघे दोन मोटारसायकलींवर निघालो आणि वाड्या-वस्त्यांवर गोठे पाहत फिरलो. विमा उतरलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असतो. जनावर मेले तर बिल्ल्यासकट कान कापून दाखवावा लागतो, तेव्हा विम्याचे पैसे मिळतात. आम्ही कानातले बिल्ले तपासत होतो. बऱ्याच म्हशी होत्या, काही मेल्या होत्या, काही विकल्या गेल्या होत्या. दोन ठिकाणी एकाच म्हशीवर दोन घरांनी हक्क सांगितला. खरेदीच्या दिवशी एकच जनावर दोनदा दाखवले गेले होते, हा त्याचा अर्थ.

एका वस्तीवर एका म्हाताऱ्या विधवेचे खाते होते. कर्जाचे पैसे निघालेले, अनुदान जमा झालेले, हप्ते थकलेले. मी विचारले, "मावशी, म्हैस कुठं बांधता?"

ती म्हणाली, "कोणती म्हैस, सायेब? कागद आला, अंगठा घेऊन गेले. म्हैस काई आली नाई."

विस्तार अधिकारी जमिनीकडे पाहू लागले. मी ते शब्द जसेच्या तसे टिपणात लिहिले, खाली तारीख घातली आणि तिघांनी सह्या केल्या. सही करताना फील्ड ऑफिसर हळूच म्हणाला, "साहेब, हे वर जाईल का?" मी म्हटले, वर काय जाईल ते आपल्या हातात नाही, इथून काय जाते ते आहे.

माहिती जिल्ह्याला गेली, तिथून विभागात, तिथून मंत्रालयात. प्रत्येक पायरीवर तिची धार थोडी बोथट होत गेली असणार. अधिवेशनात तो प्रश्न यादीत खाली होता, त्याची पाळी आलीच नाही. छापील उत्तर पुढे माझ्या पाहण्यात आले, 'हे अंशतः खरे आहे'. बस्स. पण त्याआधीच, आमचा कागद जिल्ह्याला पोचल्यानंतर आठ-दहा दिवसांत, खरेदीतल्या दलालाने त्या म्हातारीच्या दारात एक म्हैस आणून बांधली होती. चांगली, दुसऱ्या वेताची. कोणी कोणाला काय सांगितले, मला कळले नाही आणि मी विचारलेही नाही. प्रश्न विचारणाऱ्या आमदारांना या म्हशीचा पत्ता नव्हता, मंत्र्यांनाही नव्हता.

तेव्हापासून, प्रश्नोत्तरांचा काय उपयोग, मंत्री तर वेळ मारून नेतात, असे कोणी म्हणाले की मला तो गोठा आठवतो. मंत्र्यांच्या तोंडचे उत्तर हे त्या व्यवहाराचे शेवटचे टोक आहे. त्याच्या खाली डझनभर कार्यालयांत कोणाला तरी कपाट उघडावे लागते, मोजदाद करावी लागते आणि आकड्याखाली सही करावी लागते. खोटा आकडा देणाऱ्याचा हात त्या सहीपाशी थबकतो. पुढे मी मुख्य कार्यालयात गेलो तेव्हा ही साखळी वरूनही पाहिली. संसदेचा प्रश्न आला की रात्री नऊपर्यंत दिवे चालू. आधी टेलेक्स खडखडायचा, मग फॅक्स आला, मग ई-मेल, घाई तीच. उत्तराच्या मसुद्याबरोबर मंत्र्यांसाठी एक जाडजूड टिपण जाते. कोणते उपप्रश्न येऊ शकतील याचे अंदाज आणि त्यांची उत्तरे त्यात असतात. सभागृहात अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसलेली मंडळी वेळप्रसंगी चिठ्ठ्या पाठवतात. तयारीचा मंत्री चिठ्ठीकडे पाहत नाही. कच्चा मंत्री चिठ्ठीची वाट पाहत 'सन्माननीय सदस्यांची भावना मी समजू शकतो' असे म्हणतो आणि मग 'माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल'. या शेवटच्या वाक्याचा पाठपुरावा करायला लोकसभेने १९५३ साली आश्वासन समिती नेमली. तीन महिन्यांत आश्वासन पुरे करायचे असा दंडक आहे. आश्वासनेच इतकी, की त्यांच्यासाठी कायमची समिती लागावी!

मराठी माणसांनी या तासाला मोठे प्रश्नकर्ते दिले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. घराणे कोकणातले, कर्मभूमी अहमदाबाद. प्रश्न कसा असावा आणि मंत्र्याने काय टाळू नये, याच्या कितीतरी प्रथा त्यांच्या काळात पडल्या. मधु लिमये पुण्याचे. निवडून गेले बिहारमधल्या मुंगेरमधून. नियमांचे पुस्तक त्यांना इतके पाठ असे की ते उठले म्हणजे मंत्र्यांइतकेच सचिवही सावध होत. प्रा. मधु दंडवते राजापूरचे. ते तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले. आधी प्रश्न विचारणारे, मग रेल्वेमंत्री आणि १९८९-९० मध्ये अर्थमंत्री म्हणून उत्तरे देणारे. त्यांच्या काळात दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. तिच्यावर आम्हा बँकवाल्यांची मते होती आणि आहेत, पण तो वेगळा लेख होईल. विधानसभेत सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत. या लोकांकडे कारखाने नव्हते, गाड्यांचे ताफे नव्हते. अभ्यास होता आणि दुसऱ्यांदा विचारण्याची चिकाटी होती.

सगळे चित्र असे सोज्वळ नाही. प्रश्न ही किमती वस्तू आहे हे बाजाराला फार लवकर कळले. १९५१ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती, तेव्हा हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे उघड झाले. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला. हकालपट्टी ठरण्याआधी मुदगलांनी राजीनामा दिला, तर सभागृहाने त्या राजीनाम्यालाही नावे ठेवली. या समितीचे अध्यक्ष कोण होते? टी. टी. कृष्णमाचारी! सात वर्षांनी एका प्रश्नानेच त्यांची खुर्ची जायची होती. कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकाने 'फारच जुळवून आणले आहे' म्हणून परत पाठवले असते. पुढे २००५ च्या डिसेंबरात छुप्या कॅमेऱ्यापुढे प्रश्नांसाठी पैसे घेताना खासदार दिसले आणि अकरा जणांना घालवण्यात आले. त्यांत एका पक्षाचे नव्हे, अनेक पक्षांचे लोक होते. लाच वाईट, ती घेणारे वाईट, यात वाद नाही. पण त्या प्रकरणातून एक उलटी साक्षही निघते. प्रश्नाने काही होतच नसते, तर व्यापाऱ्याने त्यासाठी खिशात हात घातला असता काय?

माझ्या लेखी लाचेपेक्षा मोठे नुकसान गोंगाटाने केले आहे. अकरा वाजले की फलक, घोषणा, अध्यक्षांच्या आसनापुढची मोकळी जागा, मग तहकुबी. आज जे सत्तेत आहेत त्यांनी विरोधात असताना हेच केले आणि उद्याही पाटी बदलून हेच चालेल. राज्यसभेने २०१४ च्या नोव्हेंबरात कंटाळून प्रश्नांचा तास अकराऐवजी बाराला नेला. आधी आरडाओरडा आटपू द्यावा, मग प्रश्न घ्यावेत, असा हिशेब. आरडाओरडाही बारा वाजता येऊ लागला. तास बुडाला की तारांकित प्रश्नांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर जातात आणि 'उत्तर दिले' अशी नोंद होते. पण त्यात 'मग वही दाखव' म्हणणारे कोणी नसते. म्हणजे आपण पुन्हा १८९२ च्या कायद्यापाशी येऊन थांबतो. गोंगाट करणाऱ्या सदस्याला आपण मंत्र्याला पेचात पकडले असे वाटते. मंत्री मात्र, उपप्रश्नांचे जाडजूड टिपण न उघडताच घरी जातो.

काही वेळा तर तास जाणूनबुजून बाजूला ठेवला गेला. १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले तेव्हा, १९७५ च्या आणीबाणीत आणि सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीत. त्या शेवटच्या वेळी लेखी उत्तरे सुरू राहिली, तोंडी प्रश्न मात्र नव्हते. अधिकाऱ्यांची गर्दी टाळायची होती, असे कारण दिले गेले. असेल. पण त्याच काळात बँकांच्या शाखा उघड्या होत्या आणि माझे धाकटे सहकारी तोंडाला फडके बांधून रोज काउंटरवर बसत होते. ग्राहक हिशेब विचारायला येत होता आणि त्याला तो मिळत होता.

या सगळ्याचा तुमच्या-माझ्या घराशी एक सरळ धागा आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात खाजगी माहितीच्या कलमापाशी एक सुंदर वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचे. आमदार जे विचारू शकतो ते तुम्हीही विचारू शकता. नागरिकाला सभागृहाच्या बाकावर नेऊन बसवणारे वाक्य! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि त्यात हे वाक्य वगळले गेले. संसदेत त्या विधेयकावर फारशी चर्चा झाली नाही. बाहेर तर त्याहून कमी झाली. आपल्या आमदार-खासदाराने विचारलेल्या प्रश्नाचे वजन यामुळे आणखी वाढले आहे, कारण आता काही माहितीचे दार त्याच्याच हाताने उघडेल.

म्हणून मी निवृत्तीनंतर एक नाद लावून घेतला आहे. प्रश्नोत्तरांच्या याद्या आता विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. नागपूरचे अधिवेशन सुरू झाले की चहाचा कप घेऊन मी त्या उघडतो. वर्तमानपत्रात भांडणे येतात, याद्यांत कामे असतात. कुठल्या आश्रमशाळेत मुलींसाठी नहाणीघर नाही, कुठल्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, कुठल्या सोसायटीने पीककर्ज कोणाच्या नावावर दाखवले आहे. आपल्या आमदाराने वर्षभरात काय विचारले, हे पाहायला अर्धा तास पुरतो. यादीत त्याचे नाव सापडलेच नाही, तर तीही माहितीच आहे.

मी उत्तर खालून वर वाचतो. बँकेतली सवय, आधी सही पाहायची. शेवटचा भाग 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापलेले असते. मग नजर वर सरकते आणि पहिल्या ओळीवर थांबते. तिथे 'अंशतः' असले की मी चहा खाली ठेवतो.